स्प्रेडशीटमधली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं: फॉर्म्युल्यांनी ती कशी सांभाळायची

एक कोरी शीट उघडा. ए२ मध्ये कुठलाही इंग्रजी शब्द सगळा कॅपिटलमध्ये लिहा, बी२ मध्ये तोच शब्द सगळा स्मॉलमध्ये. आता सी२ मध्ये हे लिहा:

=ए२=बी२

एक्सेल उत्तर देईल ट्रू. गूगल शीट्सही ट्रूच म्हणेल. मग डी२ मध्ये हे लिहून बघा:

=एक्झॅक्ट(ए२,बी२)

उत्तर येईल फॉल्स. सेल तेच, शब्द तेच, उत्तरं मात्र दोन. कॅपिटल-स्मॉलवरून शीटमध्ये जेवढे घोटाळे होतात त्यांतले बहुतेक या दोन ओळींमधल्या फरकातून जन्मतात. बरोबरीचं चिन्ह अक्षर कोणतं आहे एवढंच पाहतं, ते मोठं आहे की छोटं हे पाहत नाही. एक्झॅक्ट दोन्ही पाहतं. बाकी प्रत्येक फंक्शन या दोघांपैकी कुणाच्या तरी बाजूचं असतं, आणि कोण कुणाच्या बाजूचं हे नावावरून कळत नाही.

पुढे जाण्याआधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल असा भेदच नाही, त्यामुळे जिथे तो फरक दाखवायचा आहे तिथे मी तो शब्दांत सांगितला आहे. फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इथे देवनागरीत आहेत. शीटमध्ये टाइप करताना ते सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायचं. तुमच्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागू शकतो. आणि एक सवय लावून घ्या: एक्सेलमध्ये फंक्शनचं नाव मुद्दाम स्मॉल अक्षरांत टाइप करा. एंटर मारल्यावर नाव ओळखीचं असेल तर एक्सेल ते स्वतःहून कॅपिटल करतं. स्मॉलच राहिलं तर समजा, स्पेलिंग चुकलं.

आधी ठरवा: फरकाला अर्थ आहे की नाही

फॉर्म्युल्याला हात लावण्यापूर्वी कॉलमकडे बघून एक प्रश्न विचारा. या कॉलममध्ये मोठं आणि छोटं अक्षर म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

नावं, शहरं, विभाग, वस्तूंचे प्रकार यांत उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असतं. कुणी कॅप्स लॉक चालू ठेवून टाइप केलं, कुणी मोबाइलवरून स्मॉलमध्ये भरलं, माणूस किंवा वस्तू तीच. ईमेल पत्त्यांचंही व्यवहारात तसंच. इंटरनेटच्या नियमाप्रमाणे पत्त्यातल्या ॲट चिन्हाच्या आधीच्या भागात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरता येतो, नंतरच्या भागात नाही. पण प्रत्यक्षात मेल सेवा क्वचितच तो फरक करतात, म्हणून सगळे पत्ते स्मॉलमध्ये करून ठेवणं सोयीचं.

दुसऱ्या टोकाला संगणकानेच तयार केलेले ओळखक्रमांक असतात. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओचा अकरा अक्षरांचा आयडी घ्या. त्यात एक अक्षर स्मॉलचं कॅपिटल केलंत तर तो त्या व्हिडिओचा आयडी राहत नाही. सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीतल्या नोंदींचा पंधरा अक्षरांचा आयडी असाच आहे. दोन निरनिराळ्या नोंदींचे आयडी केवळ एका अक्षराच्या मोठे-छोटेपणाने वेगळे असू शकतात. अशा कॉलमवर अपर किंवा लोअर (सगळं कॅपिटल किंवा सगळं स्मॉल करणारी फंक्शनं) चालवणं म्हणजे माहिती पुसून टाकणं, आणि एकदा पुसलेली ती माहिती कुठल्याही फॉर्म्युल्याने परत येत नाही.

मी हे इतक्या कळकळीने सांगतो कारण एकदा अशाच आयडींच्या यादीवर व्हीलुकअप (यादीत नोंद शोधून तिच्या ओळीतली माहिती आणणारं फंक्शन) लावून मी पूर्ण तक्ता भरला होता. एकही त्रुटी दिसली नाही, प्रत्येक ओळीत उत्तर आलं. काही ओळींतलं उत्तर दुसऱ्याच नोंदीचं होतं. शीटने त्रुटी दाखवली असती तर ती दुरुस्त करता आली असती. उत्तर चुकीचं असून बरोबर दिसतं तेव्हा ते तपासायचं कुणाच्या मनातही येत नाही.

तर दोन वाटा आहेत. फरकाला अर्थ नसेल तर सगळा मजकूर एकदा एकसारखा करून टाका. अर्थ असेल तर मजकुराला अजिबात हात लावू नका आणि प्रत्येक टप्प्यावर फरक पाहणारीच फंक्शनं वापरा. एकाच कॉलममध्ये दोन्ही वाटा मिसळू नका.

एकसारखं करणं: अपर, लोअर, प्रॉपर

छपाईच्या जुन्या कारखान्यांत इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत आणि छोट्या अक्षरांचे खालच्या पेटीत ठेवत. त्यावरून अपर केस आणि लोअर केस ही नावं आली, आणि फंक्शनांनी ती तशीच उचलली.

=अपर(ए२) सगळं कॅपिटल करतं, =लोअर(ए२) सगळं स्मॉल, आणि =प्रॉपर(ए२) प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, बाकीची स्मॉल. अंक, विरामचिन्हं आणि देवनागरी मजकूर तिघांतही जसाच्या तसा राहतो.

पद्धत अशी. मूळ कॉलमच्या शेजारी एक रिकामा कॉलम घ्या. त्याच्या दुसऱ्या ओळीत फॉर्म्युला लिहा आणि खाली ओढा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये =अपर(ए२:ए१००) असा एकच फॉर्म्युला लिहिला तरी उत्तरं आपोआप खाली पसरतात; गूगल शीट्समध्ये त्याला ॲरेफॉर्म्युला या फंक्शनच्या कंसात घालावं लागतं. उत्तरं नजरेखालून घाला. मग नवा कॉलम कॉपी करून मूळ कॉलमवर 'पेस्ट स्पेशल'मधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा, आणि त्यानंतरच मदतीचा कॉलम काढून टाका. व्हॅल्यूज पेस्ट करण्याआधी मूळ कॉलमच काढून टाकला तर सगळीकडे रेफरन्सची त्रुटी येते. मूळ कॉलमची एक प्रत दुसऱ्या शीटवर ठेवली तर उत्तमच.

हे करताना रिकाम्या जागाही साफ करून घ्या, कारण कॅपिटल-स्मॉलचा गोंधळ असलेल्या मजकुरात स्पेसचा गोंधळ हमखास असतो:

=प्रॉपर(ट्रिम(ए२))

ट्रिम पुढच्या-मागच्या स्पेस काढतं आणि शब्दांमधल्या जादा स्पेस एकवर आणतं. वेबपानावरून आणलेल्या मजकुरात मात्र एक वेगळी स्पेस असते, तिचा क्रमांक १६०. ती डोळ्यांना साध्या स्पेससारखीच दिसते आणि एक्सेलचं ट्रिम तिला हात लावत नाही. तिला आधी साधी स्पेस करून घ्यावी लागते:

=प्रॉपर(ट्रिम(सबस्टिट्यूट(ए२,युनिकॅर(१६०)," ")))

इथे युनिकॅर म्हणजे 'युनि' आणि 'कॅरेक्टर' या शब्दाची पहिली चार अक्षरं. हे फंक्शन एक्सेल २०१३ पासून आहे.

एक खबरदारी तारखांची. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे आकडा. १ जानेवारी २०२४ असलेल्या सेलवर अपर लावलंत तर हाती ४५२९२ हा मजकूर येतो. महिन्याचं नाव कॅपिटलमध्ये हवं असेल तर आधी टेक्स्ट फंक्शनने तारखेचा मजकूर बनवा आणि मग तो अपरला द्या. साध्या आकड्यांचंही तेच: अपरमधून बाहेर पडलेला आकडा मजकूर झालेला असतो, बेरीज करणाऱ्या सम फंक्शनच्या रेंजमध्ये तो धरला जात नाही.

प्रॉपर जिथे अडखळतं

अपर आणि लोअर सरळ आहेत. प्रॉपरवर थोडं थांबायला हवं, कारण लोक त्याच्यावर नको इतका विश्वास टाकतात.

प्रॉपरला शब्द कळत नाहीत. त्याचा नियम एवढाच की, जे अक्षर दुसऱ्या अक्षराच्या लगेच मागून येत नाही ते कॅपिटल. म्हणून अपॉस्ट्रॉफी, हायफन किंवा अंक यांच्या नंतरचं अक्षर कॅपिटल होतं. ओ'ब्रायनसारख्या आडनावात हे वरदान ठरतं, ओ आणि बी दोन्ही कॅपिटल येतात. पण 'डोन्ट' या इंग्रजी शब्दातला शेवटचा टी कॅपिटल होतो, 'मुलाचं' अशा अर्थी लागणारा अपॉस्ट्रॉफी-एस कॅपिटल एसने येतो, आणि 'तिसरा' या अर्थाने तीन आकड्यापुढे आर-डी लिहिलं असेल तर तो आर कॅपिटल होतो. उलट मॅकडोनल्डमधला मधला कॅपिटल डी स्मॉल होऊन बसतो. यूएसएसारखं संक्षिप्त रूप फक्त पहिलं अक्षर मोठं ठेवून उरतं. राजांच्या नावापुढचा रोमन दोन 'पहिला आय मोठा, दुसरा छोटा' असा विद्रूप होतो.

अपॉस्ट्रॉफी-एसची दुरुस्ती सबस्टिट्यूटने होते, पण सरळ नाही. 'अपॉस्ट्रॉफी आणि कॅपिटल एस'च्या जागी 'अपॉस्ट्रॉफी आणि स्मॉल एस' घाला, असा साधा फॉर्म्युला दिला तर ओ'सलिव्हन आडनावातला एसही स्मॉल होतो. म्हणून शब्द तिथे संपतो आहे हे फॉर्म्युल्याला सांगावं लागतं. मजकुराच्या शेवटी एक स्पेस जोडा, मग स्पेससकट शोधा, आणि शेवटी ट्रिमने ती काढा:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(प्रॉपर(ए२)&" ","'एस ","'एस "))

पहिल्या अवतरणातला एस कॅपिटल, दुसऱ्यातला स्मॉल, आणि दोन्हींच्या मागे एकेक स्पेस. मजकुरात सरळ अपॉस्ट्रॉफीऐवजी वक्र अपॉस्ट्रॉफी असेल तर फॉर्म्युल्यातही वक्रच टाका; शीटच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी चिन्हं आहेत.

संक्षिप्त रूपं आणि खास शब्द जास्त असतील तर प्रत्येकासाठी एकेक सबस्टिट्यूट गुंफत बसण्यापेक्षा एक यादी करा. जी२ पासून जी२० पर्यंत शब्द जसे हवेत तसे लिहा: संक्षिप्त रूपं पूर्ण कॅपिटलमध्ये, 'ऑफ', 'अँड' असे जोडशब्द पूर्ण स्मॉलमध्ये, मॅकडोनल्ड मधल्या कॅपिटल डीसह. मग हा फॉर्म्युला:

=ट्रिम(रिड्यूस(" "&प्रॉपर(ए२)&" ",जी२:जी२०,लॅम्डा(एक्स,डब्ल्यू,सबस्टिट्यूट(एक्स," "&प्रॉपर(डब्ल्यू)&" "," "&डब्ल्यू&" "))))

हा यादीतला एकेक शब्द घेतो, प्रॉपरने त्याचं जे रूप केलं असेल ते मजकुरात शोधतो आणि जागी तुमचं रूप ठेवतो. दोन्ही बाजूंच्या स्पेसमुळे फक्त पूर्ण शब्दच बदलतो, दुसऱ्या शब्दाच्या पोटातले तुकडे नाही. उद्या नवा अपवाद आला तर यादीत एक ओळ वाढवायची, फॉर्म्युला तसाच राहतो. रिड्यूस आणि लॅम्डा मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आणि गूगल शीट्समध्ये चालतात, एक्सेल २०१९ मध्ये नाहीत. शब्दाला चिकटून स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असेल तर तो शब्द सुटतो, त्यामुळे निकाल नजरेखालून घालावाच लागतो. माणसांच्या नावांची यादी असेल तर मी ती शेवटी ओळीओळीने वाचतोच. कुणाचं नाव चुकीचं छापलं जाऊ नये, त्यासाठी तेवढा वेळ द्यायला हवा.

वाक्याचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल हवं असेल तर त्यासाठी स्वतंत्र फंक्शन नाही, पण तुकडे जोडून ते होतं:

=अपर(लेफ्ट(ए२,१))&लोअर(मिड(ए२,२,लेन(ए२)))

पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्यापासून शेवटपर्यंत छोटं. सेलच्या सुरुवातीला स्पेस असेल तर ते पहिलं 'अक्षर' स्पेसच निघतं, म्हणून इथेही ए२ च्या जागी ट्रिम(ए२).

तुलना, आणि 'सगळं कॅपिटल आहे का' हा प्रश्न

आता दुसरी वाट, जिथे फरक जपायचा आहे. एक्झॅक्ट तुम्ही पाहिलंच. त्याच्यापासून एक उपयोगी तपासणी तयार होते. मजकूर त्याच्याच कॅपिटल रूपासारखा आहे का, असं विचारा:

=एक्झॅक्ट(ए२,अपर(ए२))

ट्रू आलं तर सेलमध्ये एकही स्मॉल अक्षर नाही. पण 'स्मॉल अक्षर नाही' आणि 'सगळं कॅपिटल आहे' या दोन गोष्टी एक नव्हेत. रिकामा सेल, नुसते अंक किंवा पूर्ण मराठी मजकूर, सगळे या तपासणीत उत्तीर्ण होतात, कारण अपरला तिथे बदलण्यासारखं काही सापडतच नाही. मराठी नावांच्या यादीत हा फॉर्म्युला लावून 'सगळं कॅपिटल' असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. म्हणून दुसरी अट जोडा:

=अँड(एक्झॅक्ट(ए२,अपर(ए२)),नॉट(एक्झॅक्ट(ए२,लोअर(ए२))))

आता किमान एक कॅपिटल अक्षर असेल तरच ट्रू. याच तर्काची गंमत अशी की, अपर आणि लोअर दोन्ही रूपं एकसारखी निघाली तर सेलमध्ये कॅपिटल-स्मॉल भेद असलेलं अक्षरच नाही हे कळतं. इंग्रजी आणि देवनागरी नोंदी एकाच कॉलममध्ये मिसळल्या असतील तर त्या वेगळ्या काढायला ही युक्ती मी बऱ्याचदा वापरतो; फक्त अंकांचे सेलही मराठीच्या गटात जातात हे ध्यानात ठेवून.

कॅपिटल अक्षरं किती आहेत हे मोजायचं असेल तर अक्षरांमागचे क्रमांक कामी येतात. आस्की या सांकेतिक पद्धतीत कॅपिटल ए ते झेड यांना ६५ ते ९० आणि स्मॉल ए ते झेड यांना ९७ ते १२२ हे क्रमांक आहेत. एकाच अक्षराच्या दोन रूपांत बरोबर ३२ चं अंतर. १९६३ च्या पहिल्या आस्कीत छोटी अक्षरं नव्हतीच, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. तर फॉर्म्युला असा:

=समप्रॉडक्ट(लेन(ए२)-लेन(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(रो($६५:$९०)),"")))

सबस्टिट्यूट कॅपिटल-स्मॉलचा फरक पाहतं, म्हणून हा प्रत्येक कॅपिटल अक्षर काढून टाकून लांबी किती घटली ते मोजतो आणि सगळ्याची बेरीज करतो. कॅर म्हणजे पुन्हा 'कॅरेक्टर'ची पहिली चार अक्षरं. स्मॉल मोजायला ६५ आणि ९० च्या जागी ९७ आणि १२२. शीटच्या वरच्या भागात नवी ओळ घातली तर या ओळींचे क्रमांक सरकतात आणि उत्तर बिघडतं, त्यामुळे हा फॉर्म्युला तपासणीपुरता वापरा, कायमचा ठेवू नका.

शोधणं: व्हीलुकअप, मॅच आणि एक्सलुकअप

ही तिन्ही फंक्शनं कॅपिटल-स्मॉलकडे दुर्लक्ष करतात. व्हीलुकअपला वरून खाली जाताना पहिला जुळणारा आयडी सापडला की ते थांबतं. त्याचं एक अक्षर छोट्याऐवजी मोठं आहे याची त्याला पर्वा नसते. कंसातली शेवटची किंमत फॉल्स देऊन 'अचूक जुळणी' मागितली तरीही. त्या अचूकतेत अक्षराचा मोठे-छोटेपणा येत नाही.

उपाय असा की, शोधायची गोष्ट बदलायची. आयडी शोधू नका, ट्रू शोधा:

=एक्सलुकअप(ट्रू,एक्झॅक्ट(ए२:ए१००,डी२),बी२:बी१००,"सापडला नाही")

एक्झॅक्ट पूर्ण यादी डी२ शी एकेक करून ताडतं आणि ट्रू-फॉल्सची रांग बनवतं. त्या रांगेत पहिलं ट्रू जिथे असेल त्या ओळीतली बी कॉलमची किंमत तुम्हाला मिळते. एक्सलुकअप एक्सेल २०२१, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि गूगल शीट्समध्ये आहे. शीट्समध्ये पूर्ण फॉर्म्युला ॲरेफॉर्म्युलाच्या कंसात घाला.

जुन्या एक्सेलसाठी:

=इंडेक्स(बी२:बी१००,मॅच(ट्रू,एक्झॅक्ट(ए२:ए१००,डी२),०))

एक्सेल २०१९ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत हा लिहून झाल्यावर नुसता एंटर नाही, तर कंट्रोल आणि शिफ्ट दाबून एंटर मारायचा. फॉर्म्युल्याभोवती महिरपी कंस आपोआप आले की समजा, नीट बसला. ते कंस हाताने टाइप करून चालत नाही.

ओळी काही हजारांच्या पुढे गेल्या की हे फॉर्म्युले जड होतात, कारण प्रत्येक सेल पूर्ण यादी चाळतो. तेव्हा दुसरा मार्ग बरा: जिचं कॅपिटल-स्मॉल न पाहताही वेगळेपण टिकेल अशी किल्ली बनवणं. सेल्सफोर्सने नेमकं हेच केलं आहे. पंधरा अक्षरी आयडीला तीन अक्षरं जोडून ते अठरा अक्षरी रूप देतात. पाच-पाच अक्षरांच्या तीन गटांत कोणती अक्षरं कॅपिटल आहेत याची नोंद त्या तीन अक्षरांत असते, त्यामुळे अठरा अक्षरी आयडीवर साधं व्हीलुकअप बिनधोक चालतं. माहिती बाहेर काढतानाच हा लांब आयडी मागून घ्या. पुढचे सगळे एक्झॅक्ट वाचतात.

मोजणं आणि बेरीज

काउंटइफ, समइफ, काउंटइफ्स, समइफ्स सगळी बरोबरीच्या चिन्हाच्या बाजूची. फरक धरून मोजायचं असेल तर:

=समप्रॉडक्ट(--एक्झॅक्ट(ए२:ए१००,डी२))

दोन वजा चिन्हं ट्रू-फॉल्सचे एक-शून्य करतात. बेरीज हवी असेल तर स्वल्पविराम देऊन बी२:बी१०० ही रेंज पुढे जोडा. याला कंट्रोल-शिफ्टची गरज नसते आणि तो जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्यांत चालतो, म्हणून मला हा सगळ्यांत भरवशाचा वाटतो.

यावरूनच खऱ्या अर्थाने दुबार असलेल्या नोंदी रंगवता येतात. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये फॉर्म्युल्याचा नियम निवडा आणि द्या:

=अँड($ए२<>"",समप्रॉडक्ट(--एक्झॅक्ट($ए$२:$ए$१००,$ए२))>१)

पहिली अट नसेल तर सगळे रिकामे सेल एकमेकांचे दुबार ठरून रंगतात. एक्सेलचं तयार 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' बटण मात्र फरक पाहत नाही. आयडीच्या कॉलमवर ते दाबलंत तर निराळ्या नोंदी उडतात.

मजकुराच्या आत शोधणं

इथे जोड्या लक्षात ठेवायच्या. फाइंड फरक पाहतं, सर्च पाहत नाही. सबस्टिट्यूट पाहतं. एक्सेलच्या सर्चमध्ये प्रश्नचिन्हाला 'कुठलंही एक अक्षर' आणि तारांकनाला 'कितीही अक्षरं' असा अर्थ असतो, फाइंडमध्ये नसतो.

=इझनंबर(फाइंड(डी२,ए२))

डी२ मधला तुकडा ए२ मध्ये अगदी तसाच आहे का, याचं उत्तर. डी२ रिकामा असेल तर फाइंड प्रत्येक सेलमध्ये 'पहिल्याच जागी सापडलं' असं सांगतं आणि सगळीकडे ट्रू येतं. हे विसरलं की तासभर डोकं खाजवावं लागतं.

फरक न पाहता बदल करायचा असेल तेव्हा सबस्टिट्यूट अडतं. पूर्ण मजकूर लोअर करून बदल केला तर उरलेल्या मजकुराची कॅपिटल अक्षरं जातात. त्यापेक्षा सर्चने जागा शोधा आणि रिप्लेसने तेवढाच तुकडा बदला:

=इफएरर(रिप्लेस(ए२,सर्च(डी२,ए२),लेन(डी२),ई२),ए२)

हा पहिलाच आढळ बदलतो. तुकडा सापडला नाही तर मूळ मजकूर तसाच परत देतो.

चूक आत येण्याआधीच अडवणं

साफसफाईपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे डेटा व्हॅलिडेशन. कॉलम निवडा, डेटा मेनूतून व्हॅलिडेशन उघडा, कस्टम निवडा आणि लिहा:

=अँड(एक्झॅक्ट(ए२,अपर(ए२)),लेन(ए२)=लेन(ट्रिम(ए२)))

आता स्मॉल अक्षर किंवा जादा स्पेस असलेली नोंद टाइपच करता येणार नाही. त्रुटीचा संदेशही स्वतः लिहा, 'कोड पूर्ण कॅपिटलमध्ये, जादा स्पेस न ठेवता लिहा' असा, म्हणजे भरणाऱ्याला काय करायचं ते कळतं. मात्र बाहेरून कॉपी करून पेस्ट केलेली नोंद हा पहारा चुकवून आत येते, तेवढ्यासाठी हाच फॉर्म्युला नॉटच्या कंसात घालून कंडिशनल फॉरमॅटिंगचा रंगाचा नियमही जोडीला ठेवा.

ड्रॉपडाउन यादीत एक बारकावा आहे. एक्सेलमध्ये यादीचे पर्याय व्हॅलिडेशनच्या चौकटीत स्वल्पविरामाने थेट लिहिले असतील तर टाइप केलेल्या नोंदीचं कॅपिटल-स्मॉल तपासलं जातं. तेच पर्याय सेलच्या रेंजमधून घेतले असतील तर तपासलं जात नाही.

एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना

यादीतल्या वेगवेगळ्या नोंदी एकेकदाच देणारं युनिक हे फंक्शन एक्सेलमध्ये कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाही, गूगल शीट्समध्ये धरतं. त्यामुळे एकच यादी दोन्हीकडे टाकली तर वेगळी संख्या येऊ शकते. शीट्समधलं क्वेरी (अटी लावून ओळी निवडणारं फंक्शन) मजकुराची तुलना करताना फरक पाहतं, म्हणून अटीत अपर किंवा लोअर वापरून दोन्ही बाजू समान कराव्या लागतात. मजकूर एखाद्या नमुन्याशी जुळतो का हे पाहणारं रेजेक्समॅचही फरक पाहतं. नको असेल तर नमुन्याच्या सुरुवातीला कंसात प्रश्नचिन्ह आणि स्मॉल आय लिहायचा.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये तर बरोबरीचं चिन्हच सेटिंगवर अवलंबून असतं. ऑप्शन्समध्ये कॅल्कच्या कॅल्क्युलेट विभागात 'केस सेन्सिटिव्ह' अशी चौकट आहे. तिच्यावर खूण असेल तर लेखाच्या सुरुवातीचा =ए२=बी२ हा फॉर्म्युला फॉल्स देतो. फाइल एक्सेलशी देवाणघेवाणीची असेल तर खूण काढा. एक्झॅक्ट मात्र या सेटिंगला जुमानत नाही, ते नेहमी फरक पाहतं.

एक्सेलच्या पोटातलं पॉवर क्वेरी हे माहिती आणून साफ करण्याचं साधनही वेगळ्या स्वभावाचं आहे. तिथे तक्ते जोडताना, गट करताना, दुबार काढताना कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो. शीटवर व्हीलुकअपने जुळलेल्या ओळी पॉवर क्वेरीत सुटल्या तर आधी हेच तपासा, आणि जोडण्यापूर्वी दोन्ही तक्त्यांतल्या त्या कॉलमवर ट्रान्सफॉर्म मेनूतून 'लोअरकेस' चालवा.

एका एककातलं माप दुसऱ्यात बदलून देणाऱ्या कन्व्हर्ट या फंक्शनला द्यायच्या एककांच्या खुणाही कॅपिटल-स्मॉल पाहूनच वाचल्या जातात. स्मॉल एम हा उपसर्ग म्हणजे मिलि, कॅपिटल एम म्हणजे मेगा, म्हणजे हजारांशाच्या जागी दहा लाखपट.

नव्या फाइलवर काम सुरू करताना मी एका कोपऱ्यात तीन ओळींची चाचणी ठेवतो. एका सेलमध्ये कोड कॅपिटल, दुसऱ्यात तोच स्मॉल, तिसऱ्यात तोच पण शेवटी एक स्पेस असलेला. जो फॉर्म्युला वापरणार असेन तो आधी या तीन ओळींवर चालवतो, अपेक्षेप्रमाणे उत्तरं आली की मगच खऱ्या कॉलमवर ओढतो.